रस्ता मोजा, मग घोषणा द्या

या वेळचं पत्र जरा मोठं होतं, छाटून देते.

"अक्का, नमस्कार. आम्ही बेळगावच्या येळ्ळूर रोडच्या बाजूला राहतो, पंचायतीच्या हद्दीत. घर बांधून १६ वर्षं झाली. कॉलनीत साठेक घरं, सगळी दीड-दोन मजली, टेरेसवर गेलं की समोर राजहंसगड दिसतो. आमच्या मागं ४६ गुंठे भाताचं शेत होतं, माझ्या चुलत दिरांचं. त्यांनी ते बिल्डरला जॉइंट डेव्हलपमेंटला दिलंय आणि आता तिथं बोर्ड लागलाय, दोन टॉवर, खाली पार्किंग वर ११ मजले, ८८ फ्लॅट. जायला रस्ता एकच, आमच्या कॉलनीतनं. लोकांनी विरोध कमिटी काढलीय, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर तेच. कुणी म्हणतंय ट्रक अडवू, कुणी म्हणतंय कोर्टात जाऊ, आणि काही पोरं म्हणाय लागलीत की बिल्डर बाहेरचा आहे, हा मराठी माणसाच्या जमिनीचा विषय करू या. कॉलनीत निम्मी घरं कन्नड आहेत, ती गप्प झालीत. बिल्डरनं निरोप धाडलाय की गणपती मंदिराला सभामंडप बांधून देतो. आमचे मिस्टर म्हणतात भावाच्या विरोधात सही करायची नाही. दिरांकडचं येणंजाणं बंद आहे. आणि खरं सांगू का, मला मधेच वाटतं आम्ही तरी कुणाच्या तरी शेतातच येऊन राहिलोय की, मग आम्हाला बोलायचा अधिकार आहे का? काय करू सांगा." – येळ्ळूर रोडवरची एक सून

अगं सूनबाई, पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा बिल्डरचा राग आला, दुसऱ्यांदा ग्रुपवरच्या पोरांचा, आणि तिसऱ्यांदा तुझी शेवटची ओळ वाचली तेव्हा हातातला चहा गार झाला. तिथनंच सुरू करू, कारण ते मनात नीट बसल्याशिवाय तू मीटिंगला गेलीस तर पहिल्याच उलट प्रश्नाला गडबडशील.

येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ ही सगळी शिवारं भाताची. बेळगाव बासमती म्हणून जो वास आपण परगावच्या पाहुण्यांना कौतुकानं सांगतो तो याच मातीतला, आणि भात निघाला की त्याच ओलीवर मसूर, हरभरा. त्यात एकेक करून लेआऊट पडले, तुझी कॉलनी त्यातली एक, माझ्या धाकट्या बहिणीचं घर त्यातलंच. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाते म्हणून इथले शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, रस्त्यावर आले, पोलीस बंदोबस्तात पिकावर मशीन फिरलेलं बघितलं त्यांनी, आणि आपण कॉलनीतले लोक ते पेपरात वाचून पान उलटून राशिभविष्याकडं गेलो. तेव्हा "आमचा हिरवा परिसर वाचवा" असा बॅनर लावशील तर शेजारच्या गावातला म्हातारा हसणार आणि त्याचं हसणं बरोबर असणार.

खरं अधिकार आहे. गड दिसण्याचा नाही. पाणी, गटार आणि रस्ता, या तीन गोष्टींवर बोलायचा पुरा अधिकार आहे, कारण त्या ८८ घरांच्या तीनही गोष्टी तुमच्या दारातनं येणार-जाणार आहेत. गड दिसायचा बंद होणार याचं वाईट वाटतं, मलाही वाटलं असतं, पण निवेदनात ते लिहू नका, पहिलं तेच वाक्य वाचून साहेब बाकीचं बाजूला ठेवतो. उजेड-वाऱ्याचंही तसंच. तुमच्या ग्रुपवर कुणीतरी "आमचं ऊन अडवलं" म्हणून केस टाकू म्हणत असेल तर त्याला सांग की १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात असा हक्क मिळायला २० वर्षं सलग उपभोग लागतो, तुमची झालीत १६. त्यापेक्षा बिल्डिंगनं कंपाउंडपासनं जागा किती सोडलीय ते बघा, तो सेटबॅक कागदावर असतो आणि टेपनं मोजता येतो.

आता आकडे. मी गणितात हुशार नव्हते, एका सरकारी ऑफिसात आवक टेबलवर तीस वर्षं शिक्के मारले, पण एवढं तिथं बसून कळलं की साहेबापुढं भावना ठेवली की तो मान हलवतो आणि आकडा ठेवला की तो चष्मा लावतो. तेव्हा वही घे. ८८ फ्लॅट, घरटी ४ माणसं धर, म्हणजे साडेतीनशे माणसं झाली. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी हिशोब माणशी रोज १३५ लिटरचा असतो. म्हणजे रोज ४७ हजार लिटर. पाच हजाराचा टँकर धरलास तर रोज साडेनऊ टँकर, रविवारी सुद्धा. यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे ३७-३८ हजार लिटर, आणि ते कुठं जाणार? तुमच्याकडं यूजीडी, म्हणजे जमिनीखालचं गटार, नाही असं तू पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलंयस, घरोघरी शोषखड्डे आहेत. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, त्यातही उन्हाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तुम्ही तर पंचायतीच्या बोअरवर. मग बिल्डर पाणी कुठनं आणणार? चार बोअर मारणार. तेच पाणी, तुमच्याच पायाखालचं.

इथं माझं स्वतःचं सांगते, लाज वाटते तरी. आमच्या बोळात जुनी विहीर होती, आड म्हणायचो आम्ही, कठड्याला दोराच्या खाचा पडलेल्या, मे महिन्यातही घागर बुडायची. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर अजून आहे, बेळगावच्या माणसाला विहिरीचं मोल शिकवायला नको म्हणतात, तरी आम्ही काय केलं बघ. बोळाच्या टोकाला अपार्टमेंट आलं, बिल्डर गोड बोलला, आमच्या बाजूचं पडकं कंपाउंड फुकट बांधून दिलं, मी त्याला दोनदा चहा केला. दुसऱ्या उन्हाळ्यात आडात घागर टाकली ती खण्णकन वाजली. खाली दगडच. आणि मी तीस वर्षं सरकारी कागद हाताळलेली बाई, एक अर्ज केला नव्हता. म्हणून तुमच्या सभामंडपाचं वाचलं तेव्हा मला ते कंपाउंड आठवलं. सभामंडप घेऊ नका. देवाला नको असं नाही, देवाला वर्गणीतनं करा, हळूहळू होईल. पण एकदा मंडप उभारला की कमिटीतला प्रत्येक माणूस त्या मंडपाच्या सावलीत बसून बोलणार. बिल्डरला द्यायचंच असेल तर त्याला लिहून मागा, सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा कुठं बसवणार, पावसाचं पाणी कुठनं काढणार, किती बोअर आणि किती खोल. मंडपाला तो एका दिवसात हो म्हणतो, याला किती दिवस लावतो बघ, तेवढ्यावरनंच माणूस कळतो.

पावसाचं पाणी हा तुमच्या बाजूला सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि ग्रुपवर त्याबद्दल कुणी बोललेलं दिसत नाही, सगळे मजले मोजायलेत. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरतं हे दरवर्षीचं आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर अर्धं बेळगाव पाण्यात होतं. दिरांचं ते ४६ गुंठे शेत पावसाळ्यात काय करत होतं? पाणी धरून बसत होतं. भाताचं खाचर म्हणजे बांध घातलेला तलावच की. आता तिथं भराव टाकून काँक्रीट होणार, ते पाणी तुमच्या शोषखड्ड्यात आणि तिथनं मोरीत उलटणार. तेव्हा सर्वे ऑफिसातनं गाव नकाशा काढा, त्यात ओढा, पाट, पाणंद दाखवलेली असते. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, पोरांना सांग ती काढायला, पोस्टर करण्यापेक्षा हे काम लाखमोलाचं. आणि जुलैमध्ये पाणी तुंबलेले फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतील, तारखेसकट एकत्र करा.

आता रस्ता, आणि इथं मला तुझ्याकडनं जरा धाडस पाहिजे.

तू लिहिलंयस "आमचा रस्ता जेमतेम २० फूट". माझा अंदाज सांगू? लेआऊटच्या नकाशात तो ३० फूट असणार. मग १० फूट गेले कुठं? सकाळी सहाला, फिरायला जाणारे परत यायच्या आत, मोठी टेप घेऊन मोज. एका घराचा गाडी चढवायचा रॅम्प रस्त्यावर तीन फूट आलाय. पुढच्याची कंपाउंडबाहेर जास्वंद आणि कर्दळ, त्याला लोखंडी जाळी, दोन फूट. त्याच्या पुढं बसायचा कट्टा, टाइल्स लावलेला, वर मुलाच्या नावाचा दगड. एकानं पायऱ्याच रस्त्यात सोडल्यात. दोन्ही बाजूंनी असं पाच-पाच फूट खाल्लं की झाला तुमचा २० फुटी रस्ता. आणि कमिटीत सगळ्यात मोठ्यानं बोलणारा जो असतो ना, बहुतेक त्याचाच रॅम्प सगळ्यात लांब असतो, हे मी बऱ्याच गल्ल्यांत बघितलंय.

याचं काय होतं सांगते. उंच बिल्डिंगला परवानगी देताना रस्त्याची रुंदी ही मोठी गोष्ट असते, किती बांधकाम करायचं तो एफएआर त्याच्याशी बांधलेला असतो, अग्निशमनची गाडी आत येऊन वळायला पाहिजे असते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर आणि त्यावरची इमारत हाय-राइज धरतात, ११ मजले अधिक पार्किंग म्हणजे त्याच्या दुपटीच्या वर जाणार. म्हणजे रस्ता अरुंद आहे हाच तुमचा हुकमी पत्ता. खरं तुम्ही तो ठेवला की बिल्डरचा वकील उठून म्हणणार, रस्ता नकाशात ३० फूट आहे, अतिक्रमण यांचं आहे, आधी ते काढा. आणि तो बरोबर बोलत असणार. तेव्हा आधी तुम्हीच रॅम्प आत घ्या, कट्टे काढा, रस्ता जेवढा आहे तेवढा मोकळा करा, फोटो काढा, आणि मग बोला की ३० फुटातही एवढं बांधकाम बसतं का ते दाखवा. मी मीटिंगला असते तर पहिला ठराव हाच मांडला असता. निम्मी माणसं उठून गेली असती, जाऊ देत, उरलेल्यांची कमिटी खरी.

तेच घरांच्या कागदांचं. पंचायत हद्दीतल्या कॉलन्यांत काहींच्या हातात रीतसर जागेचा, पंचायतीचा ९ आणि ११अ चा उतारा असतो, काहींचं गुंठेवारीतलं, ११ब वर भागवलेलं असतं, कुणी परवानगी एका मजल्याची घेऊन वर अर्धा मजला पत्र्याचा चढवलेला असतो. साठ घरांत सगळं चोख असेल असं मला वाटत नाही. बिल्डर हे उकरणार. म्हणून अर्जावर पुढं सह्या कुणाच्या घ्यायच्या ते विचार करून ठरवा, ज्याचे कागद नीट तो पुढं. ज्याचे नाहीत त्याला लाजवू नका, त्याला फोटो काढायला, झेरॉक्सला, चहाला ठेवा, काम सगळ्यांना असतं.

मग कागद मागायचे. जागा पंचायतीत असली तरी बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, प्लॅनिंग एरियात असेल तर लायसन्स पंचायतीचं आणि टेक्निकल मंजुरी बुडाची असा प्रकार असतो, त्यामुळं एकानं विचारलं की दुसऱ्याकडं बोट, हे धरूनच चाला आणि दोन्हीकडं एकाच दिवशी अर्ज द्या. मास्टर प्लॅनमध्ये त्या सर्वे नंबरला कुठला रंग आहे, रहिवासी का शेती, एनए म्हणजे बिनशेती कधी झालं, वापर बदलला असेल तर हरकतीची नोटीस कुठल्या पेपरात आली होती, मंजूर नकाशा, अग्निशमनचं पत्र, सांबरा विमानतळामुळं उंचीची एनओसी लागत असेल तर ती. आणि हो, रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागा आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असतील तर रेरात नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात सुद्धा करता येत नाही. तो बोर्ड लागलाय म्हणतेस ना, त्याच्यावर रेरा नंबर आहे का बघ. नसेल तर तारखेसकट फोटो काढून तक्रार. असेल तर कर्नाटक रेराच्या साइटवर तो नंबर टाक, नकाशा, परवानग्या घरबसल्या दिसतील, आरटीआय करायच्या आधी हे करायचं. पर्यावरण मंजुरीचं जे ग्रुपवर फिरतंय ते मात्र सोडा, ती २० हजार चौरस मीटर बांधकामापासनं पुढं लागते आणि तुम्ही दिलेल्या आकड्यांवरनं हे त्याच्या बरंच आत बसतंय. उगाच तिथं तोंड उघडलं तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचीही किंमत जाते.

आरटीआयचं नीट ऐक, यात आपल्या सीमाभागात हमखास माती खातात. अर्ज मराठीत करू नका. कायद्यातच लिहिलंय, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे इथं कन्नड. मराठीत दिला तर परत येतो, महिना जातो, आणि मग भाषेवरनं भांडण सुरू होऊन बिल्डर बाजूला राहतो आणि तिकडं स्लॅब पडतो. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा आणि एका अर्जात एकच विषय, फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. "का दिलं" असं विचारू नका, "प्रत द्या" असं विचारा. का ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कागद द्यायला असतात. निवेदनाचं वेगळं आहे. गाऱ्हाण्याचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिलाय, तेव्हा डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसला द्यायचं ते मराठीत द्या, बिनधास्त द्या, फक्त खाली कन्नड प्रत जोडा. आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. टेबलवरची बाई म्हणेल, "ठेवून जा, नंतर बघतो." मी पण तीस वर्षं तेच म्हणायचे. उभं राहणाऱ्यालाच पोच मिळायची.

आता ती कन्नड प्रत कोण लिहिणार? तिथंच तुमच्या ग्रुपवरच्या पोरांना उत्तर आहे. हा मराठी माणसाच्या जमिनीचा विषय करायला निघालेत ते, आणि जमीन विकणारा कोण, तुझा दीर, अस्सल आपलाच. त्या ८८ फ्लॅटांत निम्मे आपलेच लोक बुकिंग करणार, खानापूरकडनं पोरांच्या शिक्षणाला आलेले, गोव्याहून-पुण्याहून रिटायर होऊन परत येणारे. भाषेचं दुःख मला माहीत नाही असं समजू नको, आमच्या घरात त्याच्या तीन पिढ्यांच्या गोष्टी आहेत आणि ती लढाई आपल्या जागी आहे. खरं गटाराला भाषा नसते गं, मोरी उलटली की मराठी पाटलाच्याही घरात येते आणि कन्नड पाटीलरच्याही. भाषेचा रंग लागला की दुसऱ्या दिवशी पोलीस गाडी कोपऱ्यावर उभी राहते आणि तिसऱ्या दिवशी बिल्डरचा फोटो "विकासाला साथ" म्हणून छापून येतो. शेजारच्या कन्नड वहिनीला जा, ती शाळेत शिक्षिका आहे म्हणतेस ना, तिला म्हण, "अर्ज कन्नडमध्ये नीट लिहून दे बाई, आमचं कन्नड भाजी आणण्यापुरतं." ती लिहील आणि तिच्यामागनं वीस घरं येतील. अध्यक्ष एक मराठी असेल तर सेक्रेटरी कन्नड करा, हे मोठेपणानं नाही, कामापुरतं म्हणून करा, पुढचं आपोआप होतं.

ट्रक अडवायचा विचार डोक्यातनं काढा. एफआयआर पोरांवर होतो, पासपोर्टला अडतो, आणि सहा महिन्यांनी आया माझ्याकडं पत्र लिहितात.

कोर्ट म्हणजे हायकोर्टाचं धारवाडचं खंडपीठ, ते आहेच, पण ते शेवटी. आणि जाल तर किती चालायचं ते कळून जा. नोएडाच्या जुळ्या टॉवरचं सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, नऊ सेकंदांत धूळ, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते रहिवासी २०१२ ला हायकोर्टात गेले होते, २०१४ ला जिंकले, सुप्रीम कोर्टानं २०२१ ला कायम केलं आणि पाडलं २०२२ ला. दहा वर्षं वर्गणी काढली त्यांनी. तिथंही मुद्दा उंचीचा नव्हता बघ, दोन इमारतींत किती अंतर सोडायचं याचा नियम मोडला आणि तो कागदावर सापडला.

राहिले तुझे दीर. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तुझ्या पत्रात बिल्डरपेक्षा यांचंच जास्त आहे. भाऊजींनी जमीन दिली यात त्यांचा गुन्हा नाही. भात विकून काय उरतं ते कॉलनीतल्या कुणाला माहीत नाही, माणसं मिळत नाहीत, चहूबाजूंनी घरं झाली की पाटाचं पाणी अडतं, बांधावर प्लास्टिक आणि बाटल्या, त्यातल्या काही तुमच्याच टेरेसवरनं गेलेल्या. तुम्ही त्यांना कधी विचारलं का, शेती सोडताय का म्हणून? आणि विकल्यावर लगेच "गावाचा शत्रू"?

पण त्यांनी जॉइंट डेव्हलपमेंटला दिलंय, रोख नाही. म्हणजे त्यांच्या वाट्याला त्याच बिल्डिंगमधले फ्लॅट येणार. हे फार मोठं आहे आणि तुमच्या कमिटीत कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या डिसेंबरमध्ये सांगितलंय, मंजूर नकाशा बांधकामाच्या जागेवर लावलेला पाहिजे, आणि भोगवट्याचा दाखला, ओसी म्हणतात तो, नसेल तर लाइट-पाणी जोडायचं नाही, बँकेनं कर्ज देताना ते बघायचं. त्यानंतर कर्नाटकात मीटर देताना ओसी मागाय लागले. आता समज उद्या रस्ता कमी पडला, दोन मजले जास्त चढले, ओसी अडकली. बिल्डर दुसऱ्या साइटवर जाईल. भाऊजी कुठं जाणार? जमीनही गेली आणि हातात बिनमीटरचे फ्लॅट, गिऱ्हाईक बघायला येऊन परत जाणार. म्हणजे हे सगळं नियमात व्हावं ही तुमच्यापेक्षा त्यांची गरज मोठी आहे. करारावर सही त्यांची आहे, तुमच्या साठ सह्यांपेक्षा बिल्डर त्या एका सहीला जास्त भितो. तेव्हा मिस्टरांना म्हण, भावाच्या विरोधात सही नाही करत, चला भावाकडंच जाऊ. मीटिंगच्या आधी जा, नंतर नको. कमिटीतल्या कुणाला बरोबर घेऊ नको. काहीतरी करून ने, रिकाम्या हातानं जाऊ नको, आणि पहिला अर्धा तास बिल्डिंगचं नाव काढू नको, सासूबाईंच्या गुडघ्याचं विचार. मग सांग, "भाऊजी, कराराची आणि मंजूर नकाशाची एक झेरॉक्स वकिलाला दाखवून घ्या, तुमच्यासाठी." ते तडकतील. जावेला कळेल. बायका आधी कळतात आणि रात्री नवऱ्याला समजावतात, आपल्याकडं निम्मे निकाल स्वैपाकघरात लागतात.

यातनं बिल्डिंग थांबेल का म्हणशील तर बहुतेक नाही. मी खोटा धीर देणार नाही. पण ११ चे ७ होतात, चार बोअरचे दोन होतात, टॉवर कंपाउंडपासनं मागं सरकतो, मुख्य रस्त्याकडनं दुसरी वाट काढून घेता येते, सांडपाण्याची टाकी कागदावरनं जमिनीवर येते. हे सगळं पाया भरायच्या आत झालं तर होतं. स्लॅब पडायला लागले की प्रत्येक मजल्यागणिक तुमचा आवाज बारीक होतो, म्हणून गणपती झाल्यावर बघू असलं काही ठेवू नका. आणि ती ८८ घरं उद्या भरली की त्यांच्याशी बोलायचं तुम्हालाच आहे, त्यांच्या पोरांची बस तुमच्याच दारातनं वळणार, तेव्हा "घुसखोर" बिसखोर शब्द ग्रुपवर आत्तापासनंच नकोत.

या रविवारी मोज. शिवणाची टेप घेऊन जाऊ नकोस, गवंड्याकडं ३० मीटरची असते ती माग, एक टोक कन्नड वहिनीच्या हातात दे. सुरुवात तुझ्या दारापासनं कर. पत्रात रॅम्पचं तू काही लिहिलं नाहीस, पण गाडी आहे आणि गेट रस्त्यापेक्षा उंच आहे असं लिहिलंयस, म्हणजे असणार. किती फूट निघाला ते कळव.